दोनशे बत्तीस व्होल्ट

६ जानेवारी

दादा,

तुला फोन करण्यात अर्थ नाही. मागच्या वेळी मी घसा फुटेस्तोवर ओरडले आणि तू "बरं, बरं" म्हणून ठेवून दिलास. कापडगिरणीतल्या यंत्रांनी तुझे कान खाल्ले, त्याची शिक्षा मला. म्हणून पत्र.

तुझ्या भाऊजींना परवा इस्पितळातून घरी आणलं. तीस वर्षं दगडाला पॉलिश करायच्या कारखान्यात काढली, ती सगळी धूळ छातीत बसली आहे. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं काही नवी होणार नाहीत, पण ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र नीट चाललं तर दोन-तीन वर्षं कुठे गेली नाहीत. दोन-तीन वर्षं, दादा. मी तर त्यांच्या पायाच पडणार होते.

मशीन खुर्चीएवढं आहे. भिंतीच्या सॉकेटवर चालतं, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीतून नाकात सोडतं. पण तासभर चाललं की लांबलचक शिटी मारतं, तांबडा दिवा लावतं आणि बंद पडतं. मग मी धावत जाऊन नळी ऑक्सिजनच्या सिलिंडरला जोडते. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू केलं की शहाण्यासारखं चालतं, की तासाभराने पुन्हा शिटी. हे म्हणतात, "कारखान्यातसुद्धा एवढ्या सुट्ट्या कोणी घेत नव्हतं."

कोपऱ्यावरच्या वायरमनला बोलावलं. त्याने सॉकेटमध्ये टेस्टर खुपसला, टेस्टर पेटला. म्हणाला, करंट तर आहे, पण मीटरपासूनचं सगळं उघडून बघावं लागेल. मी म्हटलं थांब, आधी माझ्या दादाला विचारते.

तर विचारतेय. लवकर लिही.

तुझी धाकटी

ता.क. तुझ्या ओळी हल्ली जिना चढल्यासारख्या वर वर का जातात?


१२ जानेवारी

धाकटे,

टेबल तिरकं आहे म्हणून. तुझं आपलं भलतीकडेच लक्ष.

वायरमनला थांबवलंस ते बेस केलंस. या लोकांना उघडायला निमित्त लागतं. आधी मोजायचं, मग बोलायचं. मी गिरणीच्या वीजखात्यात चौतीस वर्षं हेच सांगत आलो. टेस्टर पेटला म्हणजे वीज आहे एवढंच कळतं, किती आहे ते कळत नाही.

आता नीट वाच. पुस्तकात पाण्याच्या टाकीचं उदाहरण असतं, मला ते आवडत नाही. तू गिरणीचं फाटक डोळ्यांसमोर आण. भोंगा झाला आहे. आतल्या माणसांना घरी जायची जी ओढ, ते व्होल्टेज. मिनिटाला जेवढी माणसं फाटकातून बाहेर पडतात, तो करंट. आणि फाटक जितकं अरुंद, तितका अडथळा जास्त, तो रेझिस्टन्स. ओढ दुप्पट झाली की माणसं दुप्पट. फाटक निम्मं झालं की माणसं निम्मी. सगळी वीज एवढीच आहे, बाकीचे नुसत्या फुशारक्या मारतात.

भाऊजींच्या मशीनला दोनशे तीसच्या आसपास व्होल्टेज लागतं. कमी पडलं की ते स्वतःला वाचवायला बंद होतं. म्हणजे आपल्याला बघायचं आहे की तुझ्या सॉकेटपर्यंत ते पोचतं का. दुकानातून साधा मल्टिमीटर आण. चकतीवरचा बाण एसी व्होल्टच्या मोठ्या आकड्यावर ठेव. त्याच्या दोन कांड्या सॉकेटच्या दोन भोकांत घाल आणि आकडा वाच.

तू लहानपणी इस्त्रीला हात लावायला घाबरायचीस, ते मला आठवतं. म्हणून मशीनची पिन काढून घे. घरातलं बाकीचंही सगळं बंद कर, दिवे, पंखा, फ्रिज, सगळं. काही चालू नसलं की धास्ती राहत नाही आणि आकडाही स्वच्छ मिळतो. दोनशे दहाच्या वर असला तर तुझ्या घरची वीज चोख, दोष मशीनचा. खाली असला तर वायरिंगचा.

तेवढी पाच मिनिटं भाऊजींना सिलिंडरवर ठेव. आणि हात कोरडे कर आधी.

दादा


२० जानेवारी

दादा,

मोजलं! मी स्वतः मोजलं! कोरडे हात, पायात रबरी चपला, सगळं घर बंद. हे नाकात नळी घेऊन कॉटवरून बघत होते. म्हणाले, "तुझे बंधुराज तुला या वयात वायरमन करणार." कांड्या घालताना मी डोळे मिटले, मग यांनीच आकडा वाचला. दोनशे बत्तीस. पुन्हा बघितलं, दोनशे बत्तीस. हलत नाही, डुलत नाही.

म्हणजे वीज चोख ना? मला इतका आनंद झाला की मी चहात साखर घालायची विसरले आणि यांनी तो मुकाट प्यायला.

तब्येत तशीच. सिलिंडर लवकर संपतो, दिवसाआड माणूस बदलून देतो. शिटी दिवसा आठ-दहा वेळा होते, रात्रीची वेगळी. जागा संपली, मागच्या बाजूला लिहिते.

तर, आणखी दोन गोष्टी, कामाच्या असतील तर बघ. मशीन सुरू झालं की स्वयंपाकघरातला दिवा मंद होतो आणि शिटी व्हायच्या आधी तर अगदीच मिणमिणतो. बल्ब जुना आहे म्हणा. आणि जिन्यात विजेच्या मीटरच्या डब्यापाशी मासळीसारखा कुबट वास येतो. आमच्या जिन्यात कोणी मासळी आणत नाही. मला वाटलं घूस मेली असेल, पण शोधूनही सापडली नाही.

तुझी धाकटी, वायरमन


२५ जानेवारी

धाकटे,

शाबास! दोनशे बत्तीस म्हणजे सोन्यासारखं व्होल्टेज. आमच्या गिरणीच्या मॅनेजरच्या खोलीतसुद्धा एवढं नसायचं. तुझं पत्र आलं तसा लगेच लिहायला बसलो, टपालवाला खाली थांबला आहे.

दोष मशीनचा, यात शंकाच नको. आतली मोटर तापत असणार. ते मशीनवाल्यांच्या वर्कशॉपला पाठव आणि ते "आमच्यात काही नाही, तुमच्या घरची वीज बघा" असं म्हणतीलच, तेव्हा त्यांना माझा आकडा ऐकव. ठणकावून ऐकव. आणि त्या कोपऱ्यावरच्या वायरमनला घरात घुसू देऊ नकोस. चांगल्या चाललेल्या वायरिंगला हात लावला की मग खरी कटकट सुरू होते.

भाऊजींना सांग, दोन वर्षांनी मी येईन तेव्हा त्यांनी मला स्टेशनवर घ्यायला यायचं आहे.

दादा


१६ फेब्रुवारी

दादा,

मशीन नेलं, बारा दिवस ठेवलं आणि परत आणून दिलं. त्यांनी सलग तीन दिवस चालवून बघितलं, एकदाही बंद पडलं नाही. तू म्हणालास तसंच ते म्हणाले, घरची वीज बघा. मीही तू म्हणालास तसंच ठणकावलं. दोनशे बत्तीस ऐकल्यावर त्यांनी पावतीवर सही घेतली आणि निघाले.

घरी लावलं. तासाभराने शिटी.

ते बारा दिवस फार वाईट गेले. नुसते सिलिंडर. डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणेवर मी चावी ठेवायची आणि मी पाठ फिरवली की हे ती हळूच कमी करायचे, सिलिंडर पुरावा म्हणून. मला चौथ्या दिवशी कळलं. ओठ निळे दिसले तेव्हा. मी इतकी चिडले की तोंडाला येईल ते बोलले. हे म्हणाले, "अगं, तू दोन मजले सिलिंडर ओढायला मदत करतेस, ते बघवत नाही." तेव्हापासून उतरण लागली आहे. आता कॉटवरून खुर्चीपर्यंत येताना मध्ये थांबावं लागतं. डॉक्टरांनी दोन-तीन वर्षांचा विषय पुन्हा काढला नाही, मीही विचारलं नाही.

दादा, तू ये ना. मी कधी काही मागत नाही तुझ्याकडे. तू एकदा येऊन बघ. तुझ्या हाताला दोष सापडेल.

धाकटी


२२ फेब्रुवारी

धाकटे,

घोट्याला लागलं आहे, सूज आहे, जिना उतरता येत नाही. नाहीतर आलोच असतो. एवढं का विचारायचं?

वर्कशॉपवाले थापा मारतात. दुसरं मशीन मागून घे. मिळेपर्यंत हेच थोडं थोडं थांबवून चालव. शिटी व्हायच्या आधीच बंद करत जा, म्हणजे मोटर तापणार नाही.

भाऊजींना म्हणावं, चावीला हात लावाल तर मी येऊन फटके देईन.

दादा


२७ मार्च

दादा,

हे गेले. एकोणीस तारखेला, दुपारी साडेतीनला.

दुसरं मशीन मिळालं होतं, सोळा तारखेला. अगदी नवं कोरं. तेही तासाभराने शिटी मारायला लागलं. तेव्हा मला काही सुचेनासं झालं. त्या दुपारी शिटी झाली, मी नळी सिलिंडरला जोडली, रोजच्यासारखी. चावी फिरवली, हवा येत होती, मी गालाला लावून बघितली. पण यांना ती आत घेता येत नव्हती. मला म्हणाले, "ती शिटी बंद कर आधी, कान किटले." मी मशीनकडे गेले, बटण दाबलं, परत वळले, तेवढ्यात.

सगळं उरकलं. मशीनवाले मशीन घेऊन गेले. तू येऊ नकोस, घोटा सांभाळ.

धाकटी


९ एप्रिल

धाकटे,

हे अक्षर माझं नाही, आमच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचं आहे. मी सांगतो, त्या लिहितात.

माझ्या घोट्याला काही झालेलं नाही. माझे डोळे गेले आहेत. वर्षभर जातच होते, तुला सांगितलं नाही. जानेवारीत भिंगातून एकेक ओळ वाचता येत होती, तीही दुपारच्या उजेडात. आता उजेड कुठल्या बाजूला आहे एवढं कळतं. टेबल तिरकं नाही.

भाऊजी गेल्याचं पत्र बाईंनी वाचलं. त्या माझ्या कानाशी तोंड नेऊन ओरडून वाचतात, खालच्या मजल्यावर भांडी घासायची थांबतात. मग मी त्यांना म्हटलं, धाकटीची सगळी पत्रं पहिल्यापासून वाचा. त्यांनी वाचली. वीस जानेवारीचं वाचताना त्या म्हणाल्या, मागच्या बाजूलाही मजकूर आहे.

मी मागची बाजू वाचली नव्हती. भिंगातून दोनशे बत्तीस एवढं दिसलं, फुशारून गेलो आणि लिहायला बसलो.

मशीन लावलं की दिवा मंद होतो. मीटरपाशी मासळीचा वास येतो. धाकटे, वायरचं आवरण जळायला लागलं की असाच वास येतो, हे मी गिरणीत शिकाऊ पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवायचो. आणि मोजताना मी तुला घरातलं सगळं बंद करायला लावलं. सुट्टीच्या दिवशी फाटक अर्धं बंद असलं तरी कळत नाही, कारण त्यातून कोणी जातच नसतं. करंट नसला की सैल जोडातही व्होल्टेज अडकत नाही, मल्टिमीटर बिचारा पूर्ण आकडा दाखवतो. मशीन चालू ठेवून मोजायला हवं होतं. तेव्हा दीडशेसुद्धा दिसलं नसतं कदाचित. जोड तापला की अडथळा आणखी वाढतो, म्हणून तासाभराने. बंद केलं की निवतो, म्हणून पुन्हा चालतं. सगळं जुळतं. तू घाबरू नयेस म्हणून मी बंद करायला सांगितलं होतं.

पण नुसतं जुळलं म्हणजे तसंच झालं असं नाही. मी चुकतही असेन, एकदा चुकलोच आहे. त्या कोपऱ्यावरच्या वायरमनला बोलाव आणि मीटरच्या डब्यातला जोड उघडायला सांग. तू हात लावू नकोस, नुसती बघ. स्क्रू आणि तारेचं टोक लखलखीत असलं तर ते दुसरंच काही होतं. काळं असलं तर ते मी केलं.

जे असेल ते कळव. मला दुसरं काही नको.

दादा


१८ एप्रिल

दादा,

वायरमन पंधरा तारखेला आला. उघडलं. स्क्रू काळा होता. तारेचं टोक जळून काडीसारखं झालं होतं, बोट लावल्यावर तुटलं. त्याने दोन इंच तार कापली, नवं टोक सोललं, नवा स्क्रू आवळला. दहा मिनिटं लागली. त्यानंतर मी इस्त्री लावून बघितली, फ्रिज लावला, दोन्ही एकदम लावले. स्वयंपाकघरातला दिवा आता मंद होत नाही. जिन्यातला वासही गेला.

खोटं लिहायचं मनात आलं होतं. पण तू आणखी चार प्रश्न विचारले असतेस आणि मी पाचव्याला सापडले असते.

तुला हेही सांगते. वायरमन फेब्रुवारीत मला जिन्यात भेटला होता. वास त्यालाही आला होता. म्हणाला, ताई, फुकट उघडून बघतो, मनाला बरं वाटत नाही. मी त्याला म्हटलं, माझा दादा चौतीस वर्षं गिरणीत इलेक्ट्रिशियन होता, तू मला शिकवू नकोस. तो बिचारा हसला आणि खाली उतरला. त्या दिवशी जोड उघडल्यावर तो माझ्याकडे बघत नव्हता.

मी तुला दोष देत नाही, असं लिहायला बसले होते. दोन कागद त्यात गेले. तेवढं वाक्य मला लिहिता येत नाही. तुझे डोळे गेले आणि तू मला सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायला लावलं असतं, आणि यांच्याशी आज भांडत बसले असते.

जेवत जा.

धाकटी


२६ एप्रिल

ताईंना नमस्कार,

मी तुमच्या दादांच्या मजल्यावरची शिंपीण. आगाऊपणा करून लिहिते आहे, राग मानू नका.

तुमचं पत्र मी आधी मनात वाचलं. मग मला ते ओरडून वाचवेना. जिन्यातली सगळी बिऱ्हाडं ऐकतात हे एक, आणि ते समोर कान पुढे करून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते हे दुसरं. मी कानात ओरडले, "स्क्रू लखलखीत निघाला! तार चांगली होती!" ताई, त्यांच्या चेहऱ्यावरून कोणी ओझं उचलल्यासारखं झालं. मला म्हणाले, बाई, आज चहा माझ्याकडून.

चहा पिता पिता कप तसाच खाली ठेवला. म्हणाले, "मग दिवा का मंद व्हायचा?" मी म्हटलं, बल्ब जुना असेल. म्हणाले, "जुना बल्ब मशीन चालू असतानाच कसा मंद होईल? आणि वास?" मी म्हटलं, ते काही लिहिलेलं नाही. म्हणाले, "कागद तर दोन आहेत. दुसऱ्यावर काय आहे?"

तेव्हापासून रोज हेच चाललं आहे. जेवण अर्ध्यावर सोडतात. पत्र सदऱ्याच्या खिशात ठेवतात आणि जिन्यात कोणाच्या पायाचा हादरा जाणवला की ते पुढे करतात, वाचून दाखवा म्हणून. लोकांना मी आधीच सांगून ठेवलं आहे, ते काहीतरी सांगून निसटतात. प्रत्येकाने वेगळंच सांगितलं आणि यांनी ते सगळं लक्षात ठेवलं आहे.

मला विजेतलं काही कळत नाही. ते म्हणतात तुम्हाला आता कळतं. तेव्हा एक विनंती करते. स्क्रू चांगला होता आणि तरीही दिवा मंद का व्हायचा, वास का यायचा, मशीन तासाभरानेच का बंद पडायचं, याचं त्यांना पटेल असं एखादं कारण लिहून पाठवा. मी ते एका दमात वाचून दाखवीन. म्हाताऱ्या माणसाला तेवढ्यावर झोप लागेल.

आपली,
शिंपीण


४ मे

बाई,

तुम्ही माझ्या दादासाठी एवढं करता, तुमचे पाय धरावेत असं वाटतं.

मी चार दिवस बसून कारण शोधलं. बल्ब खराब म्हणावं तर तोच बल्ब आता नीट आहे. मशीन खराब म्हणावं तर दुसरं नवं मशीनही तसंच बंद पडलं, आणि ते मीच त्याला कळवून ठेवलं आहे. रस्त्यावरूनच वीज कमी येत होती म्हणावं तर वरच्या मजल्यावर तेव्हा सगळं सुरळीत चालू होतं, ते तो पहिल्या झटक्यात विचारील, आणि जिन्यातला वास तर उरतोच. कुठलंही कारण घेतलं तरी एक गोष्ट बाहेर राहते. सगळ्या गोष्टी मिळून एकाच स्क्रूपाशी येतात. तेवढं त्याने मला शिकवलं आहे.

तेव्हा ते पत्र आहे तसंच वाचा. दार-खिडक्या लावून घ्या, शेजारणीला खाली पाठवा आणि एकदाच वाचा. स्क्रू काळा होता हे आधी सांगा, मग त्याला थोडा वेळ द्या, मग बाकीचं.

फक्त शेवटी, मी त्याला दोष देत नाही हे वाक्य मला लिहिता येत नाही असं जिथे आहे, तेवढं गाळा. तिथे ते वाक्य तुम्ही तुमच्या मनाने घाला, माझ्या नावाने, अगदी मोठ्याने. ते खोटं आहे की खरं, हे त्याला मोजून बघता येणार नाही.

धाकटी